आधीं चाक, मग इंजिन

मोटारींच्या शर्यतीची गोष्ट निघाली कीं तरुण मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : इंजिन किती अश्वशक्तीचें? गुळगुळीत बांधलेल्या मार्गावर धांवणाऱ्या गाडीविषयीं तो विचारला तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु शर्यतींचा आणखी एक प्रकार आहे. त्यांत रस्ता असा नसतोच. वाळूच्या टेकड्या, कोरडे पडलेले ओढे, गोट्यांनीं भरलेल्या नाळी आणि मैलोगणती चालून गेल्यावर एखादें खेडें, एवढाच त्या मार्गाचा पसारा. अशा शर्यतीसाठीं जी गाडी रचावयाची तिच्या बाबतींत अश्वशक्तीचा प्रश्न पहिला नव्हे आणि दुसराहि नव्हे, असें आमचें मत आहे. तें सकारण मांडावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों. पहिला प्रश्न असा असावा : तिचें चाक किती वर-खालीं होतें? आणि दुसरा : मोडल्यास ती कोण व कशानें दुरुस्त करील?

पहिल्या प्रश्नाचें कारण साधें आहे. गाडीला पुढें लोटणारें इंजिन असलें तरी जमिनीला शिवतें तें केवळ चाक. उंचवट्यावरून उडून चाक जितका वेळ अधांतरीं राहील तितका वेळ इंजिनाची शक्ति व्यर्थ, ब्रेक व्यर्थ, आणि चालकाच्या हातांतील स्टिअरिंगचें चक्रहि व्यर्थ. शिवाय खाचखळग्यांचा मार बसतो तो आधीं सांगाड्याला आणि मग आंतल्या माणसांच्या पाठीच्या कण्याला. सांगाडा पोलादाचा असतो, कणा नसतो. म्हणून अशा भूमीवर गाडीचा वेग पुष्कळदां इंजिनाच्या सामर्थ्यावर ठरत नाहीं. माणसाला व लोखंडाला किती मार सोसवतो यावर तो ठरतो.

हें ज्ञान प्रथम शर्यतींतून आलें असें मात्र कोणी समजूं नये. शर्यती सुरू होण्यापूर्वीं कित्येक वर्षें मोटारी वाळवंटांत शिरल्या होत्या. त्यांत राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचें उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें. १९२९, १९३० व १९३२ या सालीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं फोर्ड कंपनीच्या साध्या, बाजारांत मिळणाऱ्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटांत लांबलांबचे प्रवास केले. त्या मोटारींत त्यांनीं काय सुधारलें तें पाहण्यासारखें आहे. निरुपयोगी असें सारें वजन प्रथम काढून टाकलें. टायरमधील हवा कमी केली. हवा कमी झाली कीं टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो, गाडीचा भार अधिक जागेवर वांटला जातो, आणि चाक वाळूंत रुतत नाहीं. तरीहि रुतलेंच तर चाकाखालीं घालण्यास पोलादी पन्हळी बरोबर घेतल्या. कैरोच्या एका भंगाराच्या दुकानांत पहिल्या महायुद्धांतील खंदकांवर छप्पर म्हणून घालावयाच्या पन्हळी पडल्या होत्या, त्याच या! नवी वस्तु घडवण्यापूर्वीं भंगारांत हात घालून पाहणारा कारागीर आम्हांस फार प्रिय आहे.

पण त्याची खरी चतुराई पाण्याच्या बाबतींत दिसते. भर उन्हांत रेडिएटरमधील पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई, आणि वाळवंटांत पाणी म्हणजेच आयुष्य. बॅग्नोल्डनें वाफेसाठीं रेडिएटरपासून एक नळी काढून ती गाडीच्या बाजूस बांधलेल्या डब्यांतील पाण्यांत सोडली. वाफ तेथें निवून पुन्हां पाणी होई. डब्यांतील पाणीहि उकळूं लागलें कीं गाडीचें तोंड वाऱ्याकडे करून ती क्षणभर उभी करावयाची. रेडिएटर थंड होतांच आंत पोकळी उत्पन्न होऊन डब्यांतलें पाणी आपोआप परत ओढलें जाई. एक डबा व एक नळी, एवढ्या भांडवलावर माणसांच्या पिण्याचें पाणी वांचलें. पुढें १९४० सालीं, दुसऱ्या महायुद्धांत, याच अधिकाऱ्यानें कैरो येथें वाळवंटांत दूरवर संचार करणारी एक तुकडी उभारली. तिच्या शेवरलेट ट्रकांना असेच डबे बांधलेले होते; छपरें व दरवाजे काढून टाकले होते, स्प्रिंगा भक्कम केल्या होत्या. इंजिनाची शक्ति फक्त मागील चाकांना मिळे, तरी हे ट्रक वाळूच्या समुद्रांतून शेंकडों मैल जाऊन परत येत. वाऱ्यानें उडणाऱ्या वाळूवर याच गृहस्थाचा शास्त्रीय ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध झाला आणि अद्यापहि त्या शास्त्राचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. चाक चालवतां चालवतां त्यानें चाकाखालच्या कणाचाहि विचार केला, हें विशेष.

आतां शर्यतीकडे वळूं. मेक्सिको देशाच्या पश्चिमेस बाहा कॅलिफोर्निया नांवाची एक लांबट, रुक्ष जमिनीची जीभ समुद्रांत शिरलेली आहे. तिच्या लांबीवर कोण किती वेळांत जातो अशी चढाओढ प्रथम मोटारसायकलवाल्यांनीं लावली; १९६२ सालीं डेव्ह एकिन्स यानें ३९ तास ५६ मिनिटांत ती वाट कापली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत ब्रूस मेयर्स नांवाचा एक होड्या बांधणारा कारागीर होता. मोटारींचा कारखानदार तो नव्हता; फायबरग्लासच्या होड्या व लाटांवर खेळण्याच्या फळ्या हीं त्याच्या हातचीं कामें. समुद्रकांठच्या वाळूंत चालेल अशी गाडी हवी म्हणून १९६४ सालीं त्यानें फायबरग्लासची, होडीसारखी एकसंध घडण केली आणि तिला फोक्सवॅगन बीटलचें इंजिन, चाकें व स्प्रिंगा जोडल्या. या लाल गाडीची बांधणी पाहिली म्हणजे आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होईल. बीटलचें इंजिन लहान. परंतु तें पाठीमागें, चालणाऱ्या चाकांच्या अगदीं लगत बसवलेलें, म्हणून तीं चाकें वाळूवर नीट दाबलीं जात. तें वाऱ्यानेंच थंड होई. म्हणजे रेडिएटर नाहीं, पाणी नाहीं, आणि बॅग्नोल्डचा डबाहि नको. वरचें पत्र्याचें जड अंग गेल्यामुळें वजन उतरलें, आणि मोठाले टायर बसण्यास जागा झाली.

१९६७ च्या एप्रिलांत मेयर्स व त्याचा मित्र टेड मँगल्स यांनीं हीच लाल गाडी ला पाझ शहरापासून तिहुआनापर्यंत ३४ तास ४५ मिनिटांत नेली. मोटारसायकलचा विक्रम पांच तासांहून अधिक फरकानें मोडला. त्याच वर्षीं ऑक्टोबराच्या अखेरीस त्या भूमीवर पहिली रीतसर शर्यत झाली, अंतर सुमारें ८५० मैल. अनेक परींच्या मोठ्या गाड्या व मोटारसायकली तींत होत्या. पहिली आली ती मेयर्सच्याच घडणीची एक छोटी बगी, मँगल्स व व्हिक विल्सन यांनीं २७ तास ३८ मिनिटांत नेलेली. याहून चांगला पुरावा आम्हांस मागतां येणार नाहीं. मेयर्सचें पुढें बरें झालें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. त्याची घडण इतकी सुटसुटीत होती कीं कोणासहि तिची नक्कल करतां यावी, आणि ती अनेकांनीं केली. स्वामित्वाचा हक्क न्यायालयानें मानला नाहीं, आणि १९७१ च्या सुमारास त्याचा कारखाना बंद पडला. सोपी रचना सुचणें अवघड असतें, पण एकदां सुचल्यावर ती सर्वांनाच सुचलीशी वाटते!

त्यानंतरच्या अर्धशतकांत या गाड्यांत जी प्रगति झाली ती चाकाच्या वर-खालीं होण्यांत. त्यास आपण येथें चाकाची उठबस म्हणूं. नित्याच्या मोटारींत ही उठबस वीतभरहि नसते. बाहाच्या शर्यतींतील थोराड ट्रकांत पुढील चाकाची सुमारें दोन फूट, आणि मागील चाकाची अडीच फुटांच्या आसपास असते. गुडघाभर उंचीचे वरंबे ओळीनें लागले तर चाकें खालीं त्यांवरून नाचत जातात आणि वर माणसें बसलेला सांगाडा जवळजवळ सपाट चालतो.

परंतु उठबस वाढवावयाची म्हणजे नुसत्या लांब स्प्रिंगा लावावयाच्या, असा समज कोणी करून घेऊं नये. प्रत्येक इंचाचें मोल कोठेंतरी द्यावें लागतें. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का ती परतहि करते. ती उसळी जिरवली नाहीं तर गाडी चेंडूसारखी उडत राहील. तें काम शॉक-ॲब्सॉर्बरचें. त्याच्या नळींत तेल असतें आणि दट्ट्याला बारीक छिद्रें असतात. तेल त्या छिद्रांतून दाबलें जातांना उसळीची सारी शक्ति उष्णतेंत बदलते. चहाच्या आधणाप्रमाणें तें तेल तापूं लागतें. तासांमागून तास असें चाललें कीं तें पातळ होतें, फेसाळतें, आणि शॉक निकामी होतो. म्हणून मोठ्या गाड्यांत एकेका चाकाला दोन दोन शॉक असतात, आणि जादा तेलाची टांकी बाहेर वाऱ्यावर ठेवलेली असते. शिवाय त्यांची रचना अशी कीं लहान खळग्यांना ते मऊ असावेत, आणि चाक अगदीं वर येऊं लागलें म्हणजे कठीण व्हावेत. चाकाला शक्ति पोंचवणाऱ्या दांड्याचा सांधा ठराविक कोनापलीकडे वांकत नाहीं, हा दुसरा अडसर. उठबशीसाठीं गाडी उंच केली तर ती वळणावर कलंडूं पाहते, म्हणून ती रुंद करावी लागते. रुंद केली कीं वजन वाढतें, आणि वजन वाढलें कीं पुन्हां सर्व जोड भक्कम करावे लागतात. स्प्रिंगच्या खालचें वजन, म्हणजे चाक, टायर, ब्रेक यांचें, वाढलें तर चाक आळशी होतें आणि खळग्यांत वेळेवर उतरत नाहीं.

सांगाड्याविषयीं थोडक्यांत सांगतों. तो पोलादी नळ्या सांधून केलेला पिंजरा असतो. त्यांत नुसता चौकोन शक्य तों राहूं द्यावयाचा नसतो. चार दांड्यांचा चौकोन दाबला तर लवतो, त्रिकोण लवत नाहीं. भूमितीच्या तासाला जांभया देणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. गाडी उलटली असतां डोक्यावरील त्रिकोणच उपयोगी पडतो.

चाकाला दिलेल्या या मानाची साक्ष दुसऱ्या एका प्रसिद्ध शर्यतींतहि मिळते. थिएरी साबीन हा फ्रेंच गृहस्थ १९७७ सालीं मोटारसायकलच्या शर्यतींत लिबियाच्या वाळवंटांत वाट चुकला व मरतां मरतां वांचला. पुढल्याच वर्षीं, २६ डिसेंबर १९७८ रोजीं, त्यानें पॅरिसहून आफ्रिकेंतील डाकार शहरापर्यंतची शर्यत सुरू केली. १९८० सालीं तींत मोटारींमध्यें तिसरा क्रमांक मारो बंधूंच्या रेनो ४ या गाडीनें मिळवला. मूळची ती भाजी-किराणा आणण्याची चिमुकली घरगुती मोटार! अशा वाटेवर चारहि चाकांना शक्ति मिळणें अवश्य, असा पुष्कळांचा सिद्धान्त होता. झां-लुई श्लेसर यानें स्वतः बांधलेल्या आणि दोनच चाकांना शक्ति मिळणाऱ्या बगीनें १९९९ व २००० या दोन्ही वर्षीं मोटारींची शर्यत जिंकून तो सिद्धान्त हालवला. पुढें २०१६, २०१७ व २०१८ या तीन वर्षीं पूझो कंपनीच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्या विजयी झाल्या. त्यावेळच्या नियमांनीं चार चाकांच्या शक्तीवाल्या गाडीला २५० मिलिमीटर उठबस दिली होती, आणि दोन चाकांवर चालणारीला ४६०. ज्यांनीं शक्तीचीं दोन चाकें सोडून देऊन उठबस पत्करली, ते जिंकले. शेवटीं २०२२ सालीं नियमच बदलून चार चाकांवर चालणाऱ्या नव्या वर्गाच्या गाड्यांस ३५० मिलिमीटर उठबस व मोठे टायर देण्यांत आले. नियम करणाऱ्यांनींहि खरें माप कोणतें तें ओळखलें, असें आम्ही मानतों. ही शर्यत २००९ पासून दक्षिण अमेरिकेंत आणि २०२० पासून सौदी अरबस्तानांत होत आहे. नांव मात्र डाकारचेंच राहिलें.

आतां आमचा दुसरा प्रश्न : मोडल्यास कोण व कशानें दुरुस्त करील? वाळवंटांत गाडी मोडणार नाहीं असें मानून जो ती रचतो त्यानें वाळवंट पाहिलेलें नाहीं. टायर फुटणार, दांडा वांकणार, हवेच्या गाळणींत धूळ भरून इंजिन गुदमरणार. अशा वेळीं मदतीची गाडी तासन्‌तास दूर असते. म्हणून चांगल्या गाडींत शक्य तों सर्व बोल्ट एक-दोन मापांचे असतात, कीं थोडे पाने बरोबर घेतले तरी भागावें. डाव्या चाकाचा भाग उजव्यासहि लागतो. आणि जो भाग मोडावयाचाच तो हात पोंचेल अशा जागीं असतो. हे गुण कागदावरील चित्रांत दिसत नाहींत. गाडीखालीं उताणें पडून ज्याच्या डोळ्यांत गंज पडला आहे त्यालाच ते सुचतात. यूटा क्लाइनश्मिट ही जर्मन बाई २००१ सालीं डाकारच्या मोटारींत पहिली आली. तें यश मिळवणारी ती पहिली स्त्री. तिचें शिक्षण पदार्थविज्ञानाचें व यंत्रविद्येचें होतें, आणि चालक होण्यापूर्वीं तिनें मोटारींच्या कारखान्यांत नोकरी केली होती. हें काम पुरुषांचें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्यासाठीं एवढें उदाहरण पुरे.

आमच्या देशांतहि या विद्येची एक शाळा चालू आहे. इंदूरजवळ पिथमपूर येथें २००७ पासून मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं बाहाच्या नांवानेंच एक स्पर्धा सुरू केली. मूळची कल्पना अमेरिकेंतील, १९७६ ची. पुणें व महाराष्ट्रांतील इतर शहरांच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले संघ तींत उत्साहानें उतरत आले आहेत. तिचा एक नियम आम्हांस मोठा मार्मिक वाटतो : सर्वांस एकाच प्रकारचें, सुमारें दहा अश्वशक्तीचें लहानसें इंजिन वापरावें लागत आलें आहे. म्हणजे अश्वशक्तीचा वादच संपला! उरलें काय? चाक, स्प्रिंग, सांगाडा, वजन आणि सांधणाऱ्याचा हात. सर्वांत मोठी परीक्षा असते ती चार तास अखंड धांवण्याची. कित्येक देखण्या गाड्या तेथें तासाभरांत बाजूला लागतात, आणि ओबडधोबड दिसणाऱ्या फेऱ्यांमागून फेऱ्या घालीत राहतात.

तथापि या स्पर्धेच्या तयारींत एक प्रवृत्ति अधूनमधून डोकावते ती आम्हांस रुचत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर गाडीचें सुरेख चित्र काढावयाचें, भाग विकत आणावयाचे, नळ्या सांधण्याचें काम बाहेरच्या मिस्त्र्याकडे सोंपवावयाचें, आणि त्याचें नांव कोठेंहि घ्यावयाचें नाहीं. पडद्यावरील हिशेब आम्ही तुच्छ मानीत नाहीं. कोणती नळी किती भार सोसेल हें त्यानें आधींच कळतें, आणि तें न कळल्यास माणसें मरतात. परंतु सांध्यांत पोलाद कितपत मुरलें हें पडदा सांगत नाहीं, तें सांधणाऱ्याचा हातच सांगतो. ज्या संघानें आपली नळी आपण सांधली, वांकडी झाली म्हणून कापली, आणि पुन्हां सांधली, त्याला शर्यतीच्या तिसऱ्या तासाला सांधा सुटल्यावर काय करावें हें विचारावें लागत नाहीं. आणि बाहेरचा मिस्त्री घेतलाच तर त्याला संघांत बसवावें, चित्र काढण्यापूर्वीं त्याचें मत घ्यावें. पदवी नसलेला शहाणा माणूस ज्या कारखान्यांत उभ्यानेंच बोलतो, त्या कारखान्याच्या गाड्या फार लांब जातात असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या या साऱ्या प्रतिपादनावर एक मोठा आक्षेप येऊं शकतो, आणि तो आम्हीं टाळतां कामा नये. चाक जितकें उत्तम तितका वेग अधिक. म्हणजे आम्ही ज्या गुणाची स्तुति करतों तोच गुण गाडीला अधिक घातक करतो. खळग्यांतून चालकाला मार बसत असे तोंपर्यंत तो मारच त्याला आवरत होता. चाकानें तो मार गिळला आणि लगाम सुटला. २००६ सालीं डाकारच्या शर्यतींत एका मागोमाग एक दोन दिवशीं गिनी व सेनेगल या देशांत दोन मुलगे गाड्यांखालीं सांपडून मरण पावले. एक दहा वर्षांचा होता, दुसरा बारांचा. म्हणजे आमच्या शाळेच्या खालच्या वर्गांत शोभावेत असे. ते शर्यतींत नव्हते; शर्यत त्यांच्या गांवावरून जात होती. साबीन स्वतःहि १९८६ सालीं याच शर्यतींत हेलिकॉप्टरच्या अपघातांत मृत्यु पावला, परंतु तो आपल्या इच्छेनें तेथें गेला होता. त्या मुलांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

यावर शर्यतीच बंद कराव्या असें म्हणणारे आहेत, आणि त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. आम्हांस मात्र वाटतें कीं बंधन गाडीवर व मार्गावर असावें. वेगाला कमाल मर्यादा हवी. खेड्यांजवळ ती अगदीं खालीं आणावी, आणि उपग्रहाच्या साहाय्यानें गाडीवर नजर ठेवून ती मोडणाऱ्यास जबर दंड व्हावा. अशी व्यवस्था आतां बरीच रूढ झाली आहे. उठबशीचें माप नियमानें बांधून देणें हाहि आमच्या मतें योग्य उपाय आहे, जरी त्यामुळें रचनाकाराच्या बुद्धीला वेसण बसते. वेगाची हौस भागवण्यासाठीं ज्यांचें अंगण वापरलें जातें त्यांच्या हाडांची किंमत रचनाकाराच्या हिशेबांत आधीं धरली पाहिजे, मागाहून नव्हे.

या दृष्टीनें पिथमपूरच्या स्पर्धेंतील तपासणी आम्हांस शर्यतीहूनहि महत्त्वाची वाटते. गाडी मैदानांत सोडण्यापूर्वीं ती धांवत असतां ब्रेक दाबून चारहि चाकें जागच्या जागीं थांबतात कीं नाहीं तें पाहतात. इंजिन बंद करण्याची कळ चालकाच्या हाताशीं एक आणि बाहेरील माणसाच्या हाताशीं एक, अशा दोन असाव्या लागतात. चालकाला सर्व पट्टे बांधून बसवतात, आणि पांच सेकंदांत बाहेर पडून दाखव म्हणतात. वर्षभर राबून आणलेली गाडी यांपैकीं एका कसोटीस उतरली नाहीं तर ती दुरुस्त होईपर्यंत तिला मैदानांत घेत नाहींत. मग संघांतील मुलें तेथेंच जमिनीवर पाने पसरून बसतात, आणि पुष्कळदां रात्र तशीच काढतात.